टिश्यूच्या रोपात मोजावे ते काय : रावेर तालुक्यातील एका प्रयोगशाळेच्या ग्रँड नैन रोपांचे परीक्षण

गेल्या वर्षीच्या मृगबागेसाठी, म्हणजे जूनच्या सुमारास लावायच्या केळीबागेसाठी, आम्ही रावेर तालुक्यातील एका लहान ऊतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) प्रयोगशाळेकडून ग्रँड नैन केळीची १,४५० रोपे घेतली. सहा बाय पाच फुटांवर लावली तर एका एकराला साधारण एवढीच लागतात. बाग निसवली (झाडांतून घड बाहेर पडले), घड कापले गेले, व्यापाऱ्याचा हिशेब पूर्ण झाला, आणि त्यानंतरच हे परीक्षण लिहायला घेतले आहे. केळीच्या रोपांचे कौतुक गाडी उतरवून घेतल्याच्या दिवशी करण्यात अर्थ नसतो. त्या दिवशी सगळीच रोपे हिरवीगार असतात.

प्रयोगशाळेचे नाव येथे देत नाही. काही तक्रारी आहेत, त्या मी मालकांना समोर बसून सांगितल्या आहेत आणि त्यांनी त्या ऐकून घेतल्या आहेत. जळगाव जिल्ह्यात ऊतिसंवर्धित ग्रँड नैनचा मोठा प्रसार जैन इरिगेशनने केला हे सर्वांना ठाऊक आहे. हे परीक्षण मात्र त्या मार्गाने पुढे उभ्या राहिलेल्या एका छोट्या, बाराचौदा माणसांच्या प्रयोगशाळेचे आहे. रोपाचा दर १७ रुपये पडला, वाहतूक वेगळी. मर म्हणून शेकडा पाच रोपे जास्त दिली. शेत मुलगा पाहतो. मी तालुक्याच्या महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि दरवर्षी फळ्यावर ‘सायटोकायनिन’ हा शब्द लिहून त्याखाली चार कार्ये लिहिली. पेशी विभागायला आणि कोंब फुटायला लावणाऱ्या या संप्रेरकाला रुपयांत किंमत असते आणि ती शेवटी शेतकऱ्याच्या खिशातून जाते, हे निवृत्तीनंतर कळले.

नोंदणी करण्याआधी प्रयोगशाळा पाहू द्याल का, असे विचारले तेव्हा मालकांनी आढेवेढे घेतले नाहीत, ही पहिली जमेची बाजू. चपला बाहेर, पायांत त्यांच्या सपाता, अंगावर पांढरा डगला, आणि काचेपलीकडून पाहायचे. लॅमिनार फ्लोसमोर, म्हणजे गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या झोताच्या मेजासमोर, बसलेल्या ताई चिमटा आणि पाते ज्योतीवर धरून निर्जंतुक करीत होत्या आणि बरणीतला कोंबांचा झुबका बाहेर काढून त्याचे तुकडे नव्या बरणीत रोवत होत्या. हात थांबत नव्हता. पलीकडच्या खोलीत मांडण्यांवर हजारो बरण्या, वर दिवे, खोलीचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास. बाहेर मे महिन्याची सातपुड्याकडची झळ होती आणि आत केळीचे अंकुर गारव्यात वाढत होते.

एका कोपऱ्यात काही बरण्यांमधले माध्यम, म्हणजे कोंबाचे अन्न असलेला घट्ट थर, काळे पडलेले दिसले. मुलाने विचारले, बुरशी का? ताई म्हणाल्या, “नाही भाऊ, हा केळीचा चीक.” केळीचा चीक सदऱ्यावर पडला की डाग जन्मभर जात नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे, त्याच चिकातील फिनॉल द्रव्ये कापलेल्या जागेतून माध्यमात उतरतात, हवेशी संयोग पावून काळी पडतात आणि कोवळ्या ऊतीला घातक ठरतात. त्यासाठी सुरुवातीच्या दिवसांत कोंब लवकर लवकर नव्या माध्यमात हलवावा लागतो. काळ्या बरण्या न लपवता त्या कोपऱ्यात तशाच ठेवलेल्या होत्या, याचे मला बरे वाटले.

आता त्या माध्यमात असते काय, हे सांगितल्याशिवाय पुढचे परीक्षण कळणार नाही. क्षार, जीवनसत्त्वे, लिटरमागे तीस ग्रॅम साखर आणि घट्टपणासाठी आगर, हे सारे मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेल्या सूत्राप्रमाणे. यात खरा खेळ करते ते सायटोकायनिन, बहुतेक ठिकाणी बेंझिल अमिनो प्युरिन, ज्याला प्रयोगशाळेत सगळे ‘बीएपी’ म्हणतात. केळीसाठी ते लिटरमागे दोन ते पाच मिलिग्रॅम एवढेच लागते. म्हणजे एक ग्रॅम पांढऱ्या भुकटीत दोनशे लिटर किंवा त्याहून जास्त माध्यम तयार होते. ही भुकटी पाण्यात सहज विरघळत नाही, आधी सौम्य अल्कलीत विरघळवून घ्यावी लागते, आणि तोलताना दशांशाची चूक झाली तर तिचा परिणाम हजारो बरण्यांवर होतो.

हे रसायन करते काय, हे केळी लावणाऱ्याला पुस्तकाविना समजते. केळीच्या कंदाच्या बाजूला डोळे असतात. मधला वाढता शेंडा जोमात असतो तोपर्यंत तो ऑक्झिन नावाचे संप्रेरक खाली पाठवून या डोळ्यांना दाबून ठेवतो. झाड निसवले, शेंड्याचे घडात रूपांतर झाले की तो दाब सैल होतो आणि पिले जोरात वर येतात. झाड कापले तर विचारायलाच नको. मुळांच्या टोकांत तयार होऊन पाण्याबरोबर वर चढणारे सायटोकायनिन बाजूच्या डोळ्यांना जागे करण्याच्या बाजूने असते, आणि ऑक्झिन त्यांना निजवण्याच्या. शेतात आपण कोयत्याने पिले काढत राहतो. बरणीत त्याच्या अगदी उलट हेतू असतो, तेथे डोळा जागा झाला की त्याच्या बगलेतला डोळा जागा करायचा आणि त्याच्या बगलेतला पुन्हा. बीएपी म्हणजे बरणीतल्या रोपाला ‘पिले दे, पिले दे’ असा अखंड लावलेला तगादा आहे.

या दोन संप्रेरकांच्या प्रमाणावर अवयव ठरतो, हे स्कूग आणि मिलर यांनी १९५७ मध्ये तंबाखूच्या गाभ्यावर दाखवले: सायटोकायनिनचे पारडे जड असेल तर कोंब, ऑक्झिनचे जड असेल तर मुळे, आणि दोन्ही साधारण बरोबरीत असतील तर नुसता पेशींचा गोळा. त्याच्या दोन वर्षे आधी, १९५५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठातील त्याच प्रयोगशाळेत पहिले सायटोकायनिन हाती लागले होते, आणि तेही वनस्पतीतून मिळाले नव्हते. हेरिंग माशाच्या शुक्राणूंतील डीएनएच्या एका जुन्या नमुन्याने तंबाखूच्या पेशी विभागू लागल्या; ताज्या डीएनएने काहीच होईना; मग ताजा डीएनए ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या भांड्यात) उकळवला तेव्हा गुण आला. त्यातून निघाले ते कायनेटिन. वनस्पतीतले स्वतःचे सायटोकायनिन पुढे मक्याच्या दुधाळ दाण्यांत सापडले आणि मक्याच्या शास्त्रीय नावावरून त्याचे नाव झिॲटिन पडले. वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करीत, म्हणून येथेही सांगितली. मक्याचे दुधाळ कणीस आपल्याकडे प्रत्येकाने मोडून खाल्लेले असते.

आता मूळ प्रश्न. मी मालकांना विचारले, “आमच्या वाट्याला येणारी रोपे मूळ कंदापासून कितव्या फेरीची?” एका बरणीतला झुबका फोडून नव्या बरण्यांत लावणे म्हणजे एक फेरी, आणि ती साधारण तीनचार आठवड्यांनी होते. प्रत्येक फेरीत एकाचे तीन होतात असे धरले, तर एका कोंबापासून आठ फेऱ्यांत ६,५६१ कोंब होतात. आणखी फक्त दोन फेऱ्या केल्या तर ५९,०४९. प्रत्यक्षात नासधूस होते म्हणून आकडे कमी पडतात, पण मोह कुठे आहे ते यावरून दिसते. नवा कंद आणणे, धुणे, निर्जंतुक करणे, विषाणूंसाठी तपासणे, पहिल्या महिन्यातला चीक सोसणे हे सगळे खर्चाचे काम. जुन्याच बरण्यांच्या आणखी दोन फेऱ्या काढणे फुकटात पडते. म्हणूनच केळीत सातआठ फेऱ्यांच्या पुढे जाऊ नये असा दंडक जाणकार प्रयोगशाळा पाळतात. फेऱ्या वाढतात तसा जनुकीय बिघाड साचत जातो. बीएपीची मात्रा चढवली तर कोंब खऱ्या डोळ्यांतून न येता कापलेल्या पृष्ठभागावर कुठूनही फुटू लागतात आणि अशा कोंबांत मूळ वाणाचे गुण सुटण्याची शक्यता जास्त असते. ग्रँड नैन ज्यात मोडते त्या कॅव्हेंडिश गटात सर्वांत जास्त दिसणारा बिघाड म्हणजे खुजे झाड. दुसरा म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे किंवा जाड, अरुंद पान.

मालकांनी उत्तर देण्याआधी रजिस्टर मागवले. आमची तुकडी सहाव्या आणि सातव्या फेरीची मिश्र होती. तोंडी “आमच्याकडे सगळे नियमानुसार असते” असे सांगून वेळ मारून नेण्यापेक्षा रजिस्टर उघडणारा माणूस मला आवडला आणि तेथेच आगाऊ रक्कम दिली.

कोंब पुरेसे झाले की सायटोकायनिन बंद करावे लागते. मुळे फुटण्याच्या बरणीत ते नसते. तेथे ऑक्झिन असते आणि बहुधा कोळशाची पूड. ही पायरी ऐकायला सोपी वाटते, पण रोपाचा दर्जा बहुतांशी येथेच ठरतो. बीएपीचा काही भाग रोप आपल्या बुडाशी शर्करेशी जोडून साठवून ठेवते, तो साठा हळूहळू सुटत राहतो आणि मुळांना अडथळा करतो. मात्रा जास्त झालेली रोपे बरणीत झकास दिसतात. पाने कधीकधी काचेसारखी, पाणी भरल्यागत होतात, आणि बाहेर काढली की माना टाकतात. काही प्रयोगशाळा यासाठी बीएपीऐवजी टोपोलिन नावाचे दुसरे सायटोकायनिन वापरतात, ते महाग आहे. येथे बीएपीच होते, पण मुळांच्या टप्प्यात रोपे घाई न करता ठेवलेली होती असे पुढे रोपांवरून दिसले.

रोपे पिशवीतून काढून पाहण्याची सवय लावून घ्यावी असे मी आता प्रत्येकाला सांगतो. गाडी आली तेव्हा मी प्रत्येक क्रेटमधले एक रोप पिशवीतून सोडवले. कोकोपीटच्या गोळ्याभोवती पांढऱ्या मुळांचे जाळे, बुडाला जाड चारपाच मुळे, तपकिरी कुजकेपणा नाही. पाने मोजली तर पाच ते सहा, उंची साधारण एक फूट. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “मास्तर, आमची रोपं तर दीड फूट होती.” उंची सावलीत आणि नत्रावर हवी तेवढी वाढवता येते. हिरवेपणाचेही तसेच. सायटोकायनिन पान पिवळे पडणे लांबवते, हे कापून ठेवलेल्या पानांवर १९५७ मध्येच दिसले होते, त्यामुळे गडद हिरवे पान हा निरोगी मुळांचा पुरावा मानता येत नाही. पुढे मात्र उलट बाजूने हिशेब लागतो: ज्या झाडाची मुळे चांगली, त्याला स्वतःचे सायटोकायनिन चांगले मिळते आणि खालची पाने जास्त दिवस टिकतात. आमच्या बागेच्या सखल कोपऱ्यात ऑगस्टच्या पावसात पाणी साचले आणि तेथल्याच झाडांची खालची पाने आधी पिवळी पडली. रोपे तीच, काळी माती तीच.

पहिली तक्रार येथून सुरू होते. १,४५० पैकी ३१ रोपांना एका बुडाला दोन किंवा तीन कोंब होते. झुबका नीट न फोडता तसाच मुळांच्या बरणीत गेला की असे होते. संख्या फार नाही, पण ही चूक डोळ्यांना दिसणारी आहे, आणि प्राथमिक हार्डनिंगच्या (बरणीतले रोप बाहेरच्या हवेला सरावण्याच्या) वेळी, नंतर पिशवी भरताना, शेवटी क्रेट भरताना, तीन वेळा कोणाच्या तरी हातातून ती निसटली. आम्ही जोमदार कोंब ठेवून बाकीचे चाकूने काढले. ती झाडे महिनाभर मागे राहिली आणि शेवटपर्यंत मागेच राहिली.

दुसरी गोष्ट वाणाबाहेरच्या झाडांची. चौथ्या महिन्यात नऊ झाडे स्पष्ट खुजी दिसू लागली, पानांचे देठ आखूड, पंखा दाट. चार झाडांची पाने जाड आणि पट्टेदार होती; ती विषाणूची नसल्याची खात्री करून घेतली. एकूण तेरा, म्हणजे शेकड्याला एकाहून कमी. सहाव्यासातव्या फेरीच्या मालाला हे प्रमाण मी समाधानकारक मानतो. प्रयोगशाळेने दुसऱ्या हार्डनिंगमध्ये शेडनेटखाली रोपे एकदा निवडून काढली होती असे मालकांनी सांगितले आणि ते खरे असावे, कारण खुजेपणाचा मोठा वाटा त्या वयात ओळखू येतो.

बाकी बागेची एकसारखी वाढ पाहण्याजोगी होती. आमचे वडील बसराई या जुन्या वाणाचे कंद लावत तेव्हा बाग निसवायला दोनतीन महिने चालायची, एका टोकाला कापणी आणि दुसऱ्या टोकाला कमळ (केळफूल). येथे बहुतेक झाडे आठव्या महिन्यात पाचसहा आठवड्यांच्या आत निसवली. व्यापाऱ्याला एका खेपेत गाडी भरता येते आणि भाव बोलताना ते उपयोगी पडते. घडाचे सरासरी वजन तेवीस किलोच्या आसपास बसले. त्यात ठिबकचा, खताचा आणि मुलाच्या मेहनतीचा वाटा किती आणि रोपाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. एकसारखेपणा मात्र बराचसा रोपाचाच.

‘हरण्या’ची, म्हणजे माव्यामार्फत पसरणाऱ्या केळीच्या विषाणूरोगाची, भीती सर्वांनाच असते. मालकांनी तुकडीचा विषाणूतपासणीचा अहवाल दाखवला. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची जी राष्ट्रीय व्यवस्था उभी केली, तिच्यात ही तपासणी महत्त्वाची आहे, आणि ती व्हायलाच हवी, कारण टिश्यूचे रोप आपोआप विषाणूमुक्त असते हा समज चुकीचा आहे. मातृकंदात विषाणू असेल तर सायटोकायनिन कोंबांबरोबर त्याचीही वाढ करून देते. पण शुद्ध रोपही पहिले तीन महिने फार कोवळे असते. मावा शेजारच्या काकडी, भोपळा, मिरची किंवा टोमॅटोवरून रोग घेऊन येतो. आमच्याकडे सात झाडे उपटून गाडावी लागली. त्याचा दोष मी रोपांना देत नाही. बांधापलीकडे काकडीचा वेल होता.

सर्वांत नाराजीची गोष्ट रोपांची नव्हे, त्यांच्याबरोबर गळ्यात मारलेल्या बाटलीची. पिकअपबरोबर आलेल्या माणसाने ‘सायटोकायनिनयुक्त’ असे ठळक छापलेले समुद्रशेवाळाच्या अर्काचे दोन लिटर टॉनिक बिलात धरूनच आणले होते. बाटलीवर सायटोकायनिन कोणते, किती, याचा उल्लेख कुठेही नव्हता. समुद्रशेवाळात सायटोकायनिने अल्प प्रमाणात असतात हे खरे, पण मिलिग्रॅमचा आकडा नसलेले संप्रेरक म्हणजे काटा नसलेला तराजू. मुलाने हौसेने निम्म्या ओळींवर तीन फवारण्या घेतल्या. पानांची संख्या, निसवण, घडाचे वजन यांत मला फरक आढळला नाही. तसे होण्याला कारणही आहे. पानावर बाहेरून लावलेले सायटोकायनिन फारसे हलत नाही. जेथे पडते तेथेच राहते आणि अन्नद्रव्ये त्या जागेकडे ओढते. नाशिककडचे द्राक्षबागायतदार मणी फुगवण्यासाठी याच कामाचे एक रसायन वापरतात, ते घड त्यात बुडवतात आणि मात्रा काटेकोर मोजतात. तीन फुटी केळीच्या पानांवर अंदाजाने उडवलेल्या फवाऱ्याकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. बाटलीचे पैसे परत मागितले, ते पुढच्या नोंदणीत वळते करू असे उत्तर मिळाले.

जाता जाता एक गंमत. थायडियाझुरॉन नावाचे एक कृत्रिम सायटोकायनिन बरणीत अगदी कमी मात्रेत कोंबांचे रान उठवते, आणि तेच रसायन यंत्राने कापूस वेचणाऱ्या देशांत कपाशीची पाने गाळण्यासाठी फवारतात. केळी आणि कपाशी या दोहोंवर जगणाऱ्या खानदेशाने ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. या प्रयोगशाळेत ते वापरत नाहीत; विचारून घेतले.

सेवेविषयी थोडक्यात. रोपे जूनच्या पहिल्या आठवड्यात देण्याचे ठरले होते, ती सत्तावीस तारखेला आली. मध्ये दोनदा फोन उचलला गेला नाही. उशिराचे कारण मालकांनी पुढे सांगितले की रोपे दुसऱ्या हार्डनिंगमध्ये पुरेशी तयार झाली नव्हती. हे कारण खरे असेल तर उशीर मी माफ करीन, कारण कच्ची रोपे वेळेवर देणे सोपे होते. पण हेच वाक्य पंधरा जूनला फोनवर सांगता आले असते. लागवडीनंतर त्यांचा माणूस दोनदा बागेत येऊन गेला, तिसऱ्या वेळी आम्हीच नको म्हटले, कारण त्याच्या पिशवीत पुन्हा बाटली होती. क्रेटवर वाणाचे नाव आणि प्रयोगशाळेचा शिक्का होता; तुकडीचा क्रमांक नव्हता, फेरीचा तर नव्हताच. रजिस्टरमध्ये जे लिहिलेले आहे ते क्रेटवरच्या चिठ्ठीवर यायला दोन रुपयेही लागत नाहीत. आज एखाद्याच्या बागेत शंभर खुजी झाडे निघाली तर ती कोणत्या बरणीची, हे ना त्याला सांगता येईल ना प्रयोगशाळेला.

दहापैकी गुण द्यायचे तर रोपांना आठ, प्रयोगशाळेच्या मोकळेपणाला नऊ, पोहोचवण्याला पाच आणि टॉनिकच्या बाटलीला शून्य. कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळा सरताना लावायच्या केळीसाठी, त्यांच्याकडेच ९०० रोपांची नोंदणी केली आहे. या वेळी पावतीवर ‘सातवी फेरी किंवा त्याआधीची, बाटली नको’ असे मालकांकडून हाताने लिहून घेतले. लिहिताना ते हसले, पण खाली सही केली.